सगळे ठोके सारखे

"यात आवाजच न्हाई!"

वर्षाराणीनं खोकं काउंटरवर असं आदळलं, की काचेखालची गिटारच्या तारांची पाकिटं हलली. लातूरच्या गंजगोलाईमागच्या त्या वाद्यांच्या दुकानात दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पंख्याखाली बसून एक तरुण हार्मोनियमची पट्टी घासत होता. त्यानं मान वर केली.

"कशात, ताई?"

"ताई कुणाला म्हणता? कालच नेलंय मी हे इथून. दिवे लागतात, लाल-निळं चमकतं, आवाज न्हाई. लोकाला फसवून राहिले का तुम्ही?"

तो हसला. हसायला नको होतं... तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"यात आवाज नसतोच, मॅडम. आवाज लॅपटॉपात असतो."

खोक्यात पाटीएवढं काळं यंत्र होतं आणि त्यावर रबराचे सोळा चौकोन. त्यांना पॅड म्हणतात. पॅडवर बोट मारलं, की यंत्र केबलमधून लॅपटॉपला फक्त निरोप धाडतं – अमुक नंबरचा पॅड, एवढ्या जोरानं. लॅपटॉपात ड्रमचा प्रोग्राम असेल, तर तो निरोप ऐकून त्या नंबरचा आवाज काढतो. प्रोग्रामच नसेल, तर निरोप ऐकणार कोण?

"हे काल सांगायला काय झालं होतं?"

"काल मी निलंग्याला स्पीकर बसवायला गेलतो. विकणारा दुसरा होता. पण चूक दुकानाची, म्हणजे माझी. बसा. लॅपटॉप काढा."

त्याचं नाव महांतेश. उदगीरचा. त्यानं प्रोग्राम टाकून दिला, केबल जोडली, कोणत्या नंबरला कोणता ड्रम ते कागदावर लिहून दिलं. वर्षाराणी "थँक्यू" न म्हणताच गेली.

तिला वेळ नव्हता. पुढच्या रविवारी नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणाऱ्यांची निवड होती, आपापलं वाद्य घेऊन यायचं होतं. गावी, जळकोटला, मठातल्या भजनात ती दहाव्या वर्षापासून ढोलक वाजवायची, ड्रम कॉलेजात शिकली. वडील शिवमूर्ती एकदाच बोलले होते, "हे जमलं तर खुशाल वाजव. न्हाई जमलं तर बी.एड.चा फॉर्म भर, मग रडायचं न्हाई." आणि लातुरात ती राहायची त्या इमारतीत झाडून सगळी पोरं डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली. घरमालकीण कस्तुराबाई मोठ्यानं शिंकूसुद्धा देत नसत. म्हणून हे यंत्र – कानाला हेडफोन लावून वाजवायचं, बाहेर जरासुद्धा आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

"मोठा ड्रम मारला तर झांज वाजती! काय लिहून दिलंय हे?"

त्यानं यंत्र बघितलं. "तुम्ही वरून मोजलं."

"मग कुठून मोजतात? उदगीरला वही खालून लिहितात का?"

"उदगीरला वही वरूनच लिहितात." तो हसू दाबत म्हणाला, "पण हे यंत्र खालून मोजतं. डाव्या हाताचा, सगळ्यात खालचा पॅड – एक नंबर. तिथं मोठा ड्रम. तुमचं बोट दमून जिथं आपोआप टेकतं, तिथं."

तिनं मारलं. धम्. बरोबर.

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला.

मग ती रोजच यायला लागली. कधी पॅड दोनदा वाजतो म्हणून, कधी केबल सैल आहे म्हणून. केबल अजिबात सैल नव्हती. एकदा त्यानं हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावली, दुसरी तिला दिली – दोघांची डोकी जवळ आली – आणि ती वाजवू लागली. मोठ्या ठोक्यांच्या मधे ती बोटाच्या टोकानं बारीक, पुसट ठोके पेरत होती. भजन रंगात येण्याआधी ढोलक कुजबुजतं, तसे. महांतेश पापणी हलवायची विसरला.

"असं काय बघता?"

"बघत न्हाई. ऐकतोय." मग तो म्हणाला, "रविवारी मी येतो सोबत. तुमचा लॅपटॉप जुना हाय, अडकतो. माझा घेऊ."

"उपकार नकोत मला."

"उपकार न्हाई. नांदेडला आत्या हाय माझी."

"खरंच हाय?"

"...न्हाई."

ती तोंड फिरवून हसली.

रविवारी नांदेडच्या त्या हॉलात अठरा जण आले होते. बाकी सगळे पुरुष. ऑर्केस्ट्राचे मालक भागवतराव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. महांतेशनं स्टेजवर सगळं जोडलं, वर्षाराणी बसली, तिनं सुरुवात केली...

धम् धम् धम् धम्.

हळू मारला तरी धम्. बोट नुसतं टेकवलं तरी धम्. एवढे दिवस घोटलेली कुजबुज कुठंच नव्हती. सगळे ठोके सारखे, दगडावर दगड आपटावा तसे. अर्ध्यात तिनं हात उचलले. यंत्राच्या कडेला एक बटण पेटलेलं होतं. ते दाबलं, की यंत्र बोटाचा जोर मोजत नाही. कसंही मारा, निरोप एकच जातो – पूर्ण जोरानं.

तिनं महांतेशकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"पुढचा नंबर," भागवतराव म्हणाले.

"सर, सेटिंग चुकलंय," वर्षाराणी म्हणाली. "सगळ्यात शेवटी परत वाजवू द्या."

"चूक कुणाची?"

"वाजवणारीनं बघून घ्यायला पाहिजे होतं. माझी."

"बसून राहा. वेळ उरला तर बघू."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र ती उसळली.

"कुणी दाबायला सांगितलं होतं ते?"

"हॉल मोठा होता... तुमची बोटं हळू पडतात. मागच्यांना ऐकू जाणार न्हाई, असं वाटलं. तुमचं नुकसान नको म्हणून–"

"मला विचारलं?"

"न्हाई."

"माझी बोटं हळू पडत न्हाईत! मी हळू *मारते*. दहा वर्षं लागली मला तसं मारायला. सगळं आयुष्य लोक माझ्यासाठी चांगलं तेच करून राहिले, मला न विचारता. तुम्ही तर ऐकलं होतं हो! कानाला कान लावून ऐकलं होतं!"

महांतेश चहा आणायला गेला.

तीन तास ती तशीच बसली. त्यानं आणलेला चहा तिनं घेतला नाही. शेवटी नाव पुकारलं, तेव्हा तो उठला. "तुम्ही बसा," ती म्हणाली. केबल तिनंच जोडली, बटण विझवलं, सोळाच्या सोळा पॅड एकेक करून हळू आणि जोरात वाजवून पाहिले. मग रागानं वाजवलं. पण तो राग आता तिच्या ताब्यात होता – कुठं गडगडायचं, कुठं नुसतं श्वासाएवढं उरायचं, सगळं तिची बोटं ठरवत होती. भागवतरावांची हाताची घडी कधी सुटली, त्यांनाही कळलं नाही.

"दोन तारखेला हिमायतनगरला कार्यक्रम हाय," ते म्हणाले. "आदल्या दिवशी तालमीला या."

लातूरची बस निम्मी रिकामी होती. वर्षाराणीनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. महांतेश दांडा धरून उभाच राहिला. लोहा मागे पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

"मला तुम्ही आवडता," तो एकदम म्हणाला. "म्हणून ते बटण..."

"आवडते म्हणून न विचारता? असलं आवडणं मला नको."

"मग आता विचारतो."

"काय?"

"इथं बसू का?"

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन्ही खांद्यांवर सामान, कपाळावर घाम, आणि खरोखरच उत्तराची वाट बघणारे डोळे.

"चाकूर येईपर्यंत उभा राहा," ती म्हणाली. "मग सांगते."

"हाव," तो मान डोलावत म्हणाला. तुम्हीचा तू झाला होता, ते दोघांनाही कळलं होतं.

चाकूर अजून लांब होतं. बस अहमदपूरच्या स्टँडात वळली – आणि ती थांबायच्या आतच वर्षाराणीनं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.