सहावा वाटा

डॉर्कस जहाजाचे तीन जन्म झाले, आणि तिसऱ्या बाळंतपणाला मॅथियास हॉक्सटन सुईण होता, अशी लंडनमधल्या रॉदरहाइथच्या गोदीत त्याची थट्टा चाले. पहिल्या जन्मी ते साधं व्यापारी जहाज होतं. जमैकाची साखर, बाल्टिकचं लाकूड आणि एका खेपेला तर नुसते कांदे त्याने वाहिले. मग फ्रान्सशी जुंपली आणि आरमाराला जहाजं कमी पडू लागली. त्यांनी डॉर्कस विकत घेतलं, दोन्ही कुशींना आठ-आठ खिडक्या पाडल्या, सोळा तोफा चढवल्या आणि वीस माणसांच्या जागेत शंभर कोंबली. युद्ध संपल्यावर तोफा काढून घेऊन ते लिलावात काढलं. तेलाच्या एका व्यापाऱ्याने ते देवमाशांच्या शिकारीसाठी घेतलं.

त्या सोळाही खिडक्या मॅथियासने स्वतःच्या हाताने बुजवल्या. ओकच्या फळ्या ठोकल्या, फटींत डांबरात बुडवलेला दोर भरला, वरून काळा रंग दिला. डेकवर चरबी कढवायला विटांची भट्टी बांधली. काम इतकं चोख झालं की मालकाने त्यालाच जहाजाचा सुतार म्हणून बरोबर घेतलं. मॅथियासचा स्वभाव त्याच्या ओळंब्यासारखा होता. दोरीला जे सरळ भरेल ते खरं, बाकी सगळ्या गुत्त्यातल्या गप्पा.

त्याने धाकट्या भावालाही होडी वल्हवायला घेतलं. रूबेन चोवीस वर्षांचा, खांद्यांनी भरलेला आणि तोंडाने त्याहून भरलेला. बापाच्या मागे मॅथियासनेच त्याला वाढवलं होतं. निघताना रूबेनची बायको किझाया धक्क्यावर आली होती. तिला सातवा महिना होता.

"भाऊजी, नेताय तसे परत आणा यांना," ती म्हणाली.

"नेतोय त्याहून जाडा आणीन," मॅथियास म्हणाला. ती हसली नाही, म्हणून त्याने पुन्हा नीट सांगितलं, "आणीन."

म्हातारा ॲबेल क्रिच याच जहाजावर आरमाराच्या काळात चार वर्षं काढून आलेला होता. शिडं शिवायचा, कमी बोलायचा. जेवणाला त्यांची सहाजणांची एक पंगत होती: दोघे भाऊ, ॲबेल, पिंपं बांधणारा डन्स्टन आणि भाला फेकणारे दोघे पाइक बंधू. खारवलेल्या मांसाचे वाटे कधीच सारखे होत नाहीत. कुणाच्या वाट्याला नुसतं हाड, कुणाला चरबी. रोज त्यावरून तोंडं वाजू लागली, तेव्हा ॲबेलने आरमारातली पद्धत काढली. फळीवर सहा वाटे मांडायचे. एकाने पाठ फिरवून बसायचं. दुसऱ्याने एकेका वाट्याला काटा टेकवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याने तो उचलायचा. त्याला दिसत नाही, म्हणून कुरकुर नाही. एकदा घेतलेलं नाव मागे घ्यायचं नाही, आणि दुसऱ्याच्या नावाचं खायचं नाही. एवढे दोनच नियम.

केप हॉर्नला वळसा घालून जहाज पेरूच्या बाजूला लागलं. एका दुपारी ऊन चांगलं होतं, समुद्र गप्प होता. पाठ फिरवून डन्स्टन बसला होता आणि काटा थोरल्या पाइकच्या हातात होता.

"हा कुणाचा?"

"ॲबेलचा."

"हा?"

"मिस्त्रींचा." मॅथियासला सगळे मिस्त्रीच म्हणत.

दोघे पाइक झाले. डन्स्टनने स्वतःचं नाव घेतलं. फळीवर एक वाटा उरला, बऱ्यापैकी लालसर.

"हा कुणाचा?"

"ट्रेलोरचा," डन्स्टन म्हणाला.

धाकटा पाइक खो-खो हसला. "कोण हा ट्रेलोर? तुझा सासरा का?"

डन्स्टन वळला. तोही गोंधळला होता. "काय की. जिभेवर आलं. या नावाचं मी कुणी ओळखत नाही."

"पोटाला नावाशी काय करायचंय," रूबेन म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "तर मंडळी, मीच ट्रेलोर."

ॲबेलने त्याचं मनगट धरलं. "ठेव ते खाली. समुद्रात टाक. माझ्यातलं अर्धं घे."

"का?"

"आमच्या पंगतीत ट्रेलोर होता. याच जागी, या दोन तोफांच्या मधे." ॲबेलने बुजवलेल्या खिडक्यांकडे हनुवटीने दाखवलं. "अँटिग्वाला तापाची साथ आली. एका दुपारी त्याचं नाव घेतलं आणि तो उठला नाही. पुढे कुणी घेतलं नाही ते नाव."

रूबेनने थोरल्या भावाकडे पाहिलं. लहानपणापासूनची सवय होती ती. झाडावर चढू का, नदीत उडी मारू का, सगळं त्याच नजरेने विचारायचा.

मॅथियासला म्हाताऱ्याचा राग आला होता. "खा रे," तो म्हणाला. "मांस ते मांस."

रूबेनने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पाठमोरा थोरला पाइक होता. पाच नावं बरोबर आली, सहावं ट्रेलोर. त्याला वाटलं आपण रूबेनच्या थट्टेवरूनच बोललो, आणि तसं त्याने सांगितलंही. रूबेन हसून म्हणाला, "हजर," आणि वाटा उचलला. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने कुणी हसेनासं झालं. सहावा वाटा आला की ट्रेलोर म्हणायचं आणि रूबेनने हात पुढे करायचा, हे अंगवळणी पडलं. मॅथियासने एकदोनदा दटावलं, "पुरे आता हा खेळ." पाठमोऱ्याने मान डोलावली आणि पुन्हा तेच नाव घेतलं.

मग मॅथियासच्या एक गोष्ट लक्षात आली. खालच्या डेकवरून जाताना रूबेन उजव्या बाजूला सरळ चालत नसे. ठराविक जागी दोन पावलं बाहेर पडून, अंग चोरून, पुन्हा आत येई. पुढे तीन हातांवर पुन्हा तसंच. तिथे रिकामा डेक होता. पण त्या जागी काय होतं, हे मॅथियासला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त ठाऊक होतं. तोफांच्या गाड्यांनी लाकडात पाडलेले चर त्यानेच रंधून काढले होते. रूबेन बरोबर तोफेच्या लांबीएवढा वळसा घेत होता.

त्याने ॲबेलला गाठलं. "तूच त्याच्या डोक्यात भरवतोयस हे."

"मी त्याच्याशी बोलतच नाही, मिस्त्री," ॲबेल म्हणाला. "मला भीती वाटते त्याची."

मॅथियासने मनाची समजूत घातली. पोरगा नकलाकार आहे, कुठूनतरी ऐकलं असेल. रूबेनने आपली झोपायची झोळी बुजवलेल्या खिडकीपाशी नेऊन टांगली, तेव्हाही त्याने तीच समजूत घातली. पण रूबेन त्या खिडकीच्या फळ्यांवर तळवा ठेवून बसू लागला. "ही उघडत का नाहीत?" त्याने एकदा विचारलं. "तापाच्या माणसांना वारा नको का?"

पहिल्या शिकारीपासून तो देवमाशाच्या दातावर सुईने किझायाचं नाव कोरत होता. सहा इंग्रजी अक्षरांतली पाच झाली होती. एका सकाळी तो दात घेऊन मॅथियासकडे आला.

"माझ्या पेटीत हा सापडला. कुणाचा आहे? बिचारा शोधत असेल."

"रूबेन," मॅथियास म्हणाला. "बस इथे. माझ्याकडे बघ."

त्याने मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारली ते बघायला. मग अदबीने म्हणाला, "मला म्हणालात का, मिस्त्री?"

जन्मात त्याने भावाला दादाखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. मॅथियास हातातली पटाशी खाली ठेवायची विसरला. आपणच त्याला खा म्हणालो होतो, हे त्याला त्या क्षणी जसं आठवलं तसं पुढे रोज आठवलं.

त्या दुपारपासून पाठ फिरवून तो स्वतः बसू लागला. ती जागा त्याने दुसऱ्या कुणाला दिली नाही. पाच नावं घेतली, आणि सहाव्याला छाती भरून म्हणाला, "रूबेनचा."

मागे कुणी हललं नाही. तो वळला. वाटा फळीवर तसाच होता. रूबेन इतरांसारखाच इकडेतिकडे पाहत होता.

"एक उरला," रूबेन म्हणाला. "आणि माझं नाव राहिलं, मिस्त्री."

"हा तुझाच आहे."

"माझ्या नावाचा नाही. दुसऱ्याचं मी खात नाही."

बिस्किटंही फळीवरूनच वाटली जात. तीही त्याने घेतली नाहीत. डन्स्टनने आपल्यातला तुकडा गुपचूप पुढे केला, तो त्याने नम्रपणे परत केला. मॅथियासला वाटलं, भूक सगळ्यांना वठणीवर आणते. उद्या घेईल.

दुसऱ्या दिवशीही त्याने रूबेन म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. देवमाशांचा कळप लागला होता. होड्या पहाटे पाण्यात उतरत आणि उन्हं कलल्यावर परत येत. रूबेन नुसतं पाणी पिऊन वल्हवत होता, वल्ह्याला लटकून. त्याचे ओठ फुटले. चौथ्या दिवशी तो डेकवर चढताना दोनदा घसरला. तरी फळीपाशी येऊन सरळ बसला, हात मांडीवर ठेवून.

"हट्ट सोडा, मिस्त्री," ॲबेल हळूच म्हणाला. "मरेल तो."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच."

पाचव्या दिवशी, मंगळवारी, त्याला दोघांनी धरून फळीशी आणलं.

मॅथियासने पाठ फिरवली. समोर त्याने स्वतः ठोकलेल्या फळ्या होत्या. एकही खिळा वाकडा नव्हता.

"हा कुणाचा?" धाकट्या पाइकने विचारलं.

ॲबेलचा. डन्स्टनचा. पाइकचा. दुसऱ्या पाइकचा. माझा.

"हा कुणाचा?"

मागून रूबेनचा श्वास ऐकू येत होता, उथळ आणि भराभर. लहानपणी रूबेनला घटसर्प झाला होता तेव्हा तो असाच श्वास घ्यायचा, आणि मॅथियास रात्रभर त्याच्या उशाशी बसायचा.

"मिस्त्री, हा कुणाचा?"

"ट्रेलोरचा," मॅथियास म्हणाला.

मागे हात पुढे झाल्याचं त्याला ऐकू आलं. मग चावण्याचा आवाज आला. तो बराच वेळ वळला नाही.

त्यानंतर जहाजावर काही विपरीत घडलं नाही. पिंपं भरली, कुणी बुडालं नाही, कप्तान खूश होता. ट्रेलोर चांगला खलाशी निघाला, आधीच्यापेक्षाही चांगला. रूबेनचं नाव हळूहळू पाइकांनी टाकलं, मग डन्स्टनने. ॲबेलने ते मनात ठेवलं असेल तर तो बोलला नाही.

दोन वर्षं आणि पाच महिन्यांनी डॉर्कस थेम्समधे शिरलं. धक्क्यावर किझाया उभी होती. कडेवर एक मुलगी होती, लोकरी टोपडं घातलेली.

तो मॅथियासच्या आधी फळीवरून उतरला, खांद्यावर बोचकं टाकून. तिच्यापासून हातभरावरून गेला. कुणाही बाईला करतात तसा त्याने टोपीला हात लावला. तिने मान हलवली आणि त्याच्या खांद्यावरून मागे, जहाजाकडे पाहत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे कुठे आहेत?"

मॅथियासने बोट केलं. आईची हनुवटी, वडिलांचे कान, त्याच्या डोळ्यांना तर सगळं जसंच्या तसं दिसत होतं. "किझाया, नीट बघ."

तिने नीट पाहिलं. अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"हे कोण?"

मॅथियासने मान खाली घातली, तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने मुलीला घट्ट धरलं. "कुठे?" तिने विचारलं. "कुठे गेले ते?"

मॅथियासने उभ्या जन्मात खोटं सांगितलं नव्हतं.

"समुद्रावर," तो म्हणाला. "पेरूच्या बाजूला. मंगळवार होता. दुपारी, जेवणाच्या वेळी."

"फार त्रास झाला?"

"उपाशी होता."

"जवळ कुणी होतं?"

"मी होतो," मॅथियास म्हणाला. "माझी पाठ होती त्याच्याकडे."

ती आवाज न करता रडू लागली. पुढे गेलेला तो परत आला आणि त्याने टोपी काढून हातात घेतली.

"वाईट झालं, बाई," तो म्हणाला. "माझी त्यांची ओळख नव्हती. पण मिस्त्रींचे भाऊ म्हणजे चांगलेच असणार."

किझायाने मान हलवली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने मुलगी त्याच्याकडे दिली. दुसऱ्याचं मूल जसं जपून, अंगापासून जरा दूर धरतात, तसं त्याने तिला धरलं. किझायाचे डोळे पुसून होताच त्याने ती परत दिली.