पाच पोरांची कुपी

सुदेशनं भाचीला खांद्यावरून उतरवलं, तेव्हा त्याच्या केसांचा पुंजका अजून तिच्या मुठीत होता.

"सोड गो बाय. मामाचे केस आधीच कमी आसत."

वर्षाली नर्सला हसू आलं. एरवी ती उपकेंद्रात कडक चेहऱ्यानं बसायची. धामापूरची पोरगी, पहिलीच नोकरी, तारकर्लीच्या लोकांनी ऐकावं म्हणून कपाळाला कायमची आठी. पण ह्या माणसापुढं ती आठी काही टिकली नाही.

"हिची आई कुठाय?"

"मथुरा, माझी भयण. मालवणच्या बाजारात मासळी घेवन बसता, ती दुपारी येता. तुमची सुई सकाळची. मगे पोराक हाडतलो कोण? मामा."

"आणि मामाला दर्यावर जायचं नसतं वाटतं?"

"जावचां आसता. पण वाडीत सांगी होते, नवीन नर्सबाई आठी घालून बसता म्हणान... बघूक इलंय."

वर्षालीनं मान खाली घालून रजिस्टर उघडलं. रिया, वय दहा महिने, गोवराची लस बाकी. तिनं बर्फाच्या पेटीचं झाकण काढलं. आत गोवराची एकच कुपी होती. ती एकदा फोडून कालवली की पाच पोरांना पुरायची, आणि चार तासांत संपली नाही तर उरलेली फेकून द्यावी लागायची. किती फुकट घालवली, म्हणून महिन्याच्या बैठकीत साहेब सगळ्यांसमोर विचारायचे. अकरा वाजून गेले होते आणि दारात दुसरं पोर नव्हतं.

हे असं सरळ सांगून टाकायला काय झालं होतं तिला? पण तिनं झाकण लावलं.

"औषध संपलंय. पुढच्या बुधवारी या."

"नक्की येव?"

"मी वाट बघेन..." ती म्हणाली, आणि घाईघाईनं जोडलं, "रियाची."

तो हसला आणि पोरीला खांद्यावर घेऊन निघाला. वळणापर्यंत ती खिडकीतून बघत राहिली. कुपी वाचावी म्हणून ती खोटं बोलली, हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिच्या तिलाच ठाऊक.

पुढच्या बुधवारी तिनं अबोलीचा वळेसर माळला होता. पण त्या दिवशी किनाऱ्यावर रापण लागली, मासळीनं भरलेल्या जाळ्याचे दोर ओढायला अख्खी वाडी धावली, सुदेशही गेला. त्याच्या पुढच्या बुधवारी वाडीत गोवर आला होता. "बाय इली हा," म्हणत म्हाताऱ्यांनी देवीसाठी दाराला कडुलिंब बांधला. मथुरानं रियाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तोवर पोर धापा टाकत होती.

नऊ दिवस रिया तिथं होती. रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की वर्षाली जायची. मथुरा आत पोरीजवळ, सुदेश बाहेर व्हरांड्यात. ती चहा आणायची, तो दोन घोट घेऊन ठेवून द्यायचा. कधी बोलायचे, कधी नुसतेच बसायचे. ह्या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला त्या बाकड्यावरच कळलं... आणि रोज तिला जास्तच भीती वाटत गेली.

नवव्या दिवशी ताप उतरला. पण रियाचा उजवा कान वाहत होता. त्या कानानं ऐकू येईलसं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"माझीच चूक," सुदेश म्हणाला. "त्या बुधवारी मी रापण सोडूक होयी होती."

आता गप्प बसली असती तर त्याला जन्मात कळलं नसतं. वर्षालीनं पदर मुठीत धरला.

"पहिल्या बुधवारी औषध होतं, सुदेश. एकट्या रियासाठी पाच पोरांची कुपी फोडायची नव्हती मला."

तो बघतच राहिला. "मगे तसां सांगूचां नाय? मी चार पोरां हाडलंय असतंय."

"हो. मग काम तिथंच संपलं असतं. आणि मला... तुम्ही पुन्हा यायला हवे होतात."

सुदेश उठला. "रियाचो कान..." एवढंच म्हणाला आणि आत गेला. ती कितीतरी वेळ व्हरांड्यात उभी होती, तो बाहेर आला नाही.

तीन आठवडे गेले. चौथ्या बुधवारी शेजारच्या वाडीतली सुभद्रा पोराला घेऊन आली, तीही एकटीच. वर्षालीचा हात पेटीवर क्षणभर थांबला. मग तिनं कुपी फोडली. पोराला टोचलं, पेटी खांद्याला लावली आणि उरलेल्या चौघांना शोधत स्वतःच सुदेशच्या वाडीत गेली.

पहिल्याच दारात हौसाबाई नातवाला घेऊन बसली होती.

"सून बाजारात्सून येवंदे. तिका इचारल्याशिवाय मी सुई टोचूक देवची नाय."

"तोवर औषध फुकट जाईल, आजी."

"जावंदे."

माडाखाली जाळं शिवत बसलेला सुदेश सगळं ऐकत होता. तो रियाला कडेवर घेऊन आला. वर्षालीकडे त्यानं बघितलं नाही.

"काकी, हिका ह्या उजव्या बाजून हाक मार."

हौसाबाईनं हाक मारली. दोनदा मारली. रिया मामाचे केस ओढत खेळत राहिली, वळली नाही.  हौसाबाईनं नातवाच्या दंडावरचं झबलं वर सारलं. वर्षालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तशीच तिनं सुई टोचली.

आणखी दोन घरी सुदेश पुढं झाला. "सुनेक मी सांगतंय, राग इलो तर माझ्यार," म्हणायचा. पाचवं पोर काही मिळालं नाही. वेळ संपली, तशी वर्षालीनं कुपी बाजूला काढली.

"एक डोस फुकट गेलो," तो म्हणाला.

"जाऊ दे. तसंच लिहीन."

रस्त्यापर्यंत पेटी त्यानं घेतली. 

"माझो राग अजून गेलो नाय."

"माहीत आहे."

"पण दर बुधवारी पाय तुमच्याकडेच वळतत... फुडच्या बुधवारी येव? ह्या टायमाक खरां सांगा."

वर्षालीची कचेरीतली भाषा कुठल्या कुठं गेली.

"औषध आसा," ती म्हणाली. "पोरांसाठी मीच घराघरात जातलंय. तुमी येवा... माका तुमका बघूचां आसता म्हणान."

सुदेशनं रियाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"आयकलंस गो बाय? बुधवारी जावचां आसा."