गुरुवार सोडून

पांढऱ्या चादरीबरोबर लाल मोजा धुवायचा नसतो, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण मोजा माझा नव्हताच मुळी. माझ्याआधी कुणीतरी मशीन वापरून गेलं होतं आणि त्यांचा एक मोजा आत चिकटून राहिला होता. मी न बघता चादर कोंबली, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि काचेबाहेर पडणारा बर्फ बघत बसले. मशीन थांबलं तेव्हा चादर गुलाबी झाली होती, बाळाच्या दुपट्यासारखी.

बुधवारची संध्याकाळ होती. माँट्रियलच्या उत्तरेकडची ती लाँड्री, नाणी टाकून चालणारी जुनाट मशीनं, आणि आत मी एकटी. ओली चादर मांडीवर घेऊन बसले आणि मला चक्क रडू आलं. चादरीचं रडू होतं का या शहरात एकटीनं काढलेल्या आठ हिवाळ्यांचं, देव जाणे.

तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. टोपीवर बर्फ, हातात एकच लाल मोजा.

"माफ करा, मादाम, याचा जोडीदार इथं..." बोलता बोलता तो थांबला. त्यानं चादर पाहिली. मग माझे डोळे पाहिले. "सापडला वाटतं," तो हळूच म्हणाला, तेही आमच्या बेटावरच्या क्रेओल भाषेत.

मी डोळे पुसले. तो नवीन चादर उद्या आणून देतो म्हणाला. मी म्हटलं, उद्या रात्री अंथरायचीय, आजच हवी. आणि पांढरीच.

"पाहुणे येणारेत?"

"हो... तसंच समजा."

त्याची नजर माझ्या बोटातल्या चांदीच्या अंगठीवर गेली. "अच्छा. नवरोबा येणार," तो म्हणाला आणि जरासा खट्टू झाला. म्हणजे मला तसं वाटलं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. अनोळखी माणसाला लाँड्रीत उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

तो धावत गेला आणि धापा टाकत परत आला. कोटाच्या आत, पोटाशी धरून त्यानं एक घडी आणली होती. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. आईच्या कपाटातून उचललीय, शुक्रवारी परत मिळाली नाही तर आई माझीच घडी घालेल, असं त्यानं बजावलं. परत कुठं द्यायची विचारलं, तर म्हणाला, कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमात, स्वयंपाकघरात, आनेलला विचारा.

"मी तिथंच काम करते," मी म्हटलं. "तिसऱ्या मजल्यावर. म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, भरवते."

"म्हणजे गेले दोन आठवडे मी तुमच्यासाठीच बटाटे सोलतोय की," आनेल म्हणाला. मला रडता रडता हसू आलं.

गुरुवारी संध्याकाळी मी ती घडी उलगडली. चादर नव्हतीच ती, टेबलावर घालायचं लांबलचक कापड होतं, आणि कोपऱ्यात बारीक टाक्यांनी भरलेला क्रूस. त्याची आई चर्चमधली असणार हे कळलं. क्षणभर थबकले. मग म्हटलं, पांढरं ते पांढरं. पलंगावर अंथरलं, बशीत पिठाचा ढीग करून त्यावर पांढरं अंडं ठेवलं, आणि दांबालाला म्हटलं, आजच्या दिवस चालवून घे. त्यानं तक्रार केली नाही. तो कधीच काही बोलत नाही.

दांबाला माझा नवरा. आमच्या वोदू धर्मात दैवतांना लोआ म्हणतात, आणि एखादा लोआ एखाद्या बाईला मागणी घालतो. मला सतराव्या वर्षी स्वप्नात पांढरा साप दिसायला लागला, अन्न जाईना, तेव्हा जाकमेलला, आमच्या गावी, मावशीनं माझं रीतसर लग्न लावलं. केक होता, पांढरा झगा होता, साक्षीदार होते. नवरा तेवढा दिसला नाही. त्याचं मागणं एकच होतं, गुरुवारची रात्र. त्या रात्री पांढऱ्या अंथरुणावर मी एकटीनं झोपायचं, बाकी माझं आयुष्य माझं. खरं सांगायचं तर या शहरात आल्यापासून गुरुवार हीच एक रात्र मला एकटं वाटायचं नाही. बाकीच्या रात्री मी नुसती भिंतीकडे बघायची.

शुक्रवारी कापड धुऊन, इस्त्री करून परत केलं. पुढच्या बुधवारी आनेल लाँड्रीत हजर. त्याच्या पुढच्याही. एवढे कपडे या माणसाकडे आहेत तरी किती, असं मला वाटायला लागलं. मग एकदा पाहिलं, तो स्वच्छ घडी घातलेले कपडेच पुन्हा मशीनमध्ये टाकत होता. मी न बघितल्यासारखं केलं. कधी तो डब्यातून तळलेली केळी आणायचा, वर पिकलीझ, आमचं कोबी-मिरचीचं तिखटजाळ लोणचं, आणि मी हाशहुश केलं की माझ्याकडे बघत राहायचा. बघताना पकडला गेला की लगेच मशीनकडे वळायचा.

एकदा आम्ही बसथांब्यावर उभे होतो. गारठा असा की बोलताना दात वाजत होते. तो बराच वेळ बुटानं बर्फ उकरत होता.

"मादाम, एक विचारू? तुमचे यजमान तुम्हाला कधी न्यायला येत नाहीत."

"ते चालत नाहीत."

"अरेरे... अपघात?"

"नाही," मी म्हटलं. "ते सरपटतात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं अंगठीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "दांबाला?" त्यानं विचारलं, आणि थांब्यावर दुसरं कुणीच नसताना आजूबाजूला पाहिलं. ते त्याचं बघणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी प्रेमात पडले होते, आणि प्रेमात पडलेल्या बाईला काही खटकत नाही.

मी सगळं सांगितलं. ऐकून तो मनापासून हसला, सुटका झाल्यासारखा. "म्हणजे गुरुवार सोडून तुम्ही मोकळ्या आहात?"

"गुरुवार सोडून," मी म्हटलं.

"मग हे मादाम-बिदाम आजपासून बंद," तो म्हणाला, आणि त्यानं माझा हात हातमोज्यासकट आपल्या कोटाच्या खिशात घातला. त्याची आजी, आईची आई, तिकडे लेओगान गावात ढोलाच्या तालावर दैवतांना बोलवायची, गावातली निम्मी बाळं तिच्या हातांवर जन्मली होती. पण घरात तिचं नाव काढायचं नाही, आई उठून जाते, म्हणाला. "आईला एवढ्यात सांगायचं नाही, गेर्दा. कामावर पण नको. आपल्यातच राहू दे."

राहू दिलं. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात उबदार हिवाळा होता. दर गुरुवारी संध्याकाळी तो मला दारापर्यंत सोडायचा आणि बंद दाराकडे बघून टोपी काढायचा. थोरल्या माणसाचा मान ठेवावा लागतो, म्हणायचा.

तिसऱ्या मजल्यावर मादाम जांद्रों नावाची म्हातारी होती, ऐंशीच्या पुढची, मिश्कील. तिचे केस विंचरताना ती रोज माझ्या नवऱ्याची चौकशी करायची. मला तिच्याशी खोटं बोलवेना. एक दिवस सांगून टाकलं. तिला इतकी मजा वाटली की तिनं रविवारी भेटायला आलेल्या मुलीला ती गोष्ट रंगवून सांगितली. आणि मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

सोमवारी मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. फार गोड बोलल्या. आमच्याकडे प्रत्येकाच्या श्रद्धेचा आदर असतो, म्हणाल्या, पण काही कुटुंबांना भीती वाटते, तुम्ही समजू शकता. ती अंगठी कामावर काढून ठेवाल का, स्वच्छतेच्या दृष्टीनं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या बोटात दोन अंगठ्या होत्या, एक हिऱ्याची. मी म्हटलं, माझंही लग्नच झालंय, बाई. त्या हसल्या. लहान मुलाला हसतात तशा.

जेवणाच्या सुट्टीत खाली गेले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. केस विंचरून झाले की कंगवा लपवा रे, नाहीतर गेर्दा बाहुली करून सुया टोचेल, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सिनेमात पाहिलेल्या त्या बाहुलीखेरीज त्यांना आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी तशी बाहुली पाहिलेली नाही. त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. सवय होती. पण काउंटरमागे आनेल सूप वाढत होता, आणि तोही हसला. छोटंसं, नुसतं ओठांनी. इतरांबरोबर राहायला पुरेल एवढंच.

मी ताट तिथंच ठेवलं.

संध्याकाळी तो बसथांब्यावर आला. त्याचं तोंड उतरलं होतं. नवी नोकरी आहे, तिथं आईच्या चर्चमधल्या बाया पण काम करतात, मी काय बोलणार होतो, असं काहीबाही सांगत राहिला. मग म्हणाला, "काढून ठेव ना अंगठी. नुसती कामापुरती. मनात तर राहीलच की."

"आनेल," मी म्हटलं, "माझ्या आयुष्यात गप्प राहणारा एक आधीच आहे. मला दुसरा नको."

बस आली. मी चढले. तो चढला नाही.

अंगठी काढली नाही म्हणून मला तळघरात टाकलं, वृद्धाश्रमाच्या धुण्याच्या खोलीत. तिथं कुणाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर पांढऱ्या चादरींच्या घड्या घालायच्या, पांढऱ्या चादरींशीच बोलायचं. मादाम जांद्रोंच्या चादरी खाली आल्या की मी ओळखायची, त्यांना लॅव्हेंडरचा वास असायचा. संध्याकाळी घरी जाऊन भात खायची, दिवा मालवायची. मला आनेलची इतकी आठवण यायची की एकदा मी लाँड्रीच्या त्याच मशीनमध्ये हात घालून बघितला, काही राहिलंय का. दर बुधवारी कपडे तिथंच धुतले, तो कधी आला नाही. बर्फ वितळून रस्त्यावर चिखल झाला. माझा गुरुवार तेवढा ठरल्या वेळी येत राहिला.

मग एका बुधवारी दार ढकललं गेलं. टोपी नव्हती. दाढी वाढली होती. बगलेत एक बोळा.

तो समोरच्या बाकावर बसला आणि बुटाचा चिखल फरशीवर घासत राहिला. मी मदत केली नाही. मशीन फिरत राहिलं.

"काल जेवताना पुन्हा तोच विषय निघाला," शेवटी तो म्हणाला. "बाहुली, सुया. मी... मी पळी खाली ठेवली. म्हटलं, माझी आजी हेच करायची. तिच्या हातांवर जन्मलेली माणसं आज या शहरात टॅक्सी चालवतात, दवाखान्यात काम करतात. आणि म्हटलं, ती तळघरातली बाई... माझं तिच्यावर प्रेम आहे."

माझ्या हातातलं नाणं खाली पडलं.

"मग?"

"मग सगळे आपापल्या ताटात बघत बसले. सूप गार झालं." त्यानं मान खाली घातली. "पण संध्याकाळपर्यंत आईला कळलं. चर्चमधल्या एका बाईनं सांगितलं. त्या कापडाबद्दल मीच सांगितलं मग, आता काही लपवायचं नाही म्हणून. आईनं ते कपाटातून काढलं आणि कचऱ्यात टाकलं. म्हणाली, यावर सैतान झोपलाय. मला म्हणाली, तूही जा. मी माझ्या मित्राकडे राहतोय."

बगलेतला बोळा त्यानं माझ्या पुढ्यात ठेवला. तेच कापड. क्रूस होता तसाच होता, वर कॉफीच्या चोथ्याचे डाग.

"कचऱ्यातून उचललं. तुझ्याकडे राहू दे. माझा हिशेब... म्हणजे, गुरुवार त्याचा, त्यात मी पडणार नाही. उरलेल्या दिवसांसाठी विचारायला आलोय. उशीर झाला असेल तर तसं सांग, मी जातो."

मला त्याच्या आईचं वाईट वाटलं, हे खरंच सांगते. आपल्याच आईला सैतानाची बाई म्हणायला तिला कुणीतरी शिकवलं होतं, कधीतरी, कुठल्यातरी गोड हसणाऱ्या माणसानं. आणि आनेलचा तर मला राग यायला हवा होता, एवढे दिवस लावले म्हणून. तोही आला. पण त्याची ती वाढलेली दाढी बघून तो फार वेळ टिकला नाही. मी उठले, कापडावर साबण चोळला, मशीनमध्ये टाकलं. टाकण्याआधी आत हात घालून नीट तपासलं.

"मोजे दोन्ही पायांत आहेत," तो म्हणाला.

"आज बुधवार आहे," मी म्हटलं. "उद्या येऊ नकोस."

"नाही येणार. आणि... परवा?"

"परवा ये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते कापड पलंगावर अंथरलं. कॉफीचा एक डाग गेला नव्हता, तो पायथ्याकडे घेतला. बशीत पीठ, पिठावर अंडं. मग पलंगाच्या कडेवर बसले आणि पहिल्यांदाच मला त्या खोलीत, गुरुवारी, एकटं एकटं वाटलं. शुक्रवार कधी उजाडतो असं झालं होतं. मला अपराधी वाटलं. मी अंगठी बोटात फिरवली आणि दांबालाला म्हटलं, रागावू नकोस.

तो नेहमीसारखाच काही बोलला नाही. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर अंडं न तडकता जागच्या जागी होतं, आणि दार वाजत होतं.