लोह पकडेना, रंग चढेना

चांद्रवसाहतीच्या प्रयोगशाळेत सकाळपासून एकच घोळ चालला होता. निलूआत्याने नळीत लोहाचा थेंब टाकावा, नळी हलवावी आणि द्रवाला गुलाबी छटा येते का म्हणून डोळे लावून बसावं. द्रव मात्र ढिम्म!

"गुलाबी नाही. नापास," तपासनीस रोबो खटपट्या म्हणाला. नापास करायची त्याला कोण हौस!

दहा वर्षांच्या केतकीला रडूच फुटलं. तिच्या धाकट्या भावाच्या, श्रीरंगच्या रक्तात जन्मापासूनच ट्रान्सफेरिन (रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन) नव्हतं. ते दर महिन्याला पृथ्वीवरून यायचं. या खेपेचं यान रखडलं, म्हणून आत्याने ते इथेच बनवलं होतं. पण चाचणीत पास झाल्याशिवाय ते टोचायचं नाही, असा नियम होता. इकडे श्रीरंग पांढराफटक पडून दिवसभर झोपून असायचा.

"आत्या, त्याला लोहाच्या गोळ्या दे ना!"

"अगं, लोह आहे त्याच्या अंगात. पण हाडांच्या गाभ्यात तांबड्या पेशी तयार होतात, तिथे ते पोचवणार कोण? मोकळं सुटलं तर उच्छाद मांडतं. ट्रान्सफेरिनला दोन कप्पे असतात. प्रत्येक कप्पा लोहाचा एक आयन (विद्युतभार असलेला अणू) पकडून मिटतो. पेशीत शिरल्यावर तिथल्या आम्लामुळे कप्पे उघडतात, लोह सुटतं आणि रिकामं प्रथिन पुढच्या खेपेला निघतं."

"मग इथे का पकडत नाही?"

"तेच तर कळत नाही! या पकडीला कार्बोनेट नावाचा जोडीदार लागतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून तो तयार होतो. तो मध्ये बसला, की लोह घट्ट धरलं जातं आणि प्रथिन गुलाबी दिसू लागतं."

केतकी डोळे पुसता पुसता थांबली. "पण आपल्या पाण्यातून तर तो वायू काढून टाकतात ना?"

आत्याने कपाळावर हात मारला. चंद्रावरच्या बंद घरांत हा वायू साठला तर जीव गुदमरायचा. म्हणून हवेतून, पाण्यातून तो पार उपसून काढायची सगळ्यांना सवयच लागलेली. आत्याने चाचणीलाही तेच पाणी घेतलं होतं!

"ही नळी फक्त चाचणीची आहे, श्रीरंगला द्यायची नाही. घाल फुंकर!"

केतकीने स्ट्रॉ धरली आणि गाल फुगवून फुंकत राहिली. बुडबुडे उठले. हळूहळू नळीत फिकट गुलाबी रंग चढू लागला.

"गुलाबी. पास," खटपट्या जरा हिरमुसून म्हणाला.

केतकीने आनंदाने अशी उडी मारली, की डोकं छताला आपटलं. त्याच संध्याकाळी श्रीरंगला औषध मिळालं.

"आता यानावाचून अडायचं नाही," आत्या म्हणाली. "उद्या मंगळावर वस्ती झाली, तर तिथल्या बाळांनाही औषध तिथेच बनवून देता येईल."

काही आठवड्यांनी श्रीरंगने मागून येऊन केतकीची वेणी अशी ओढली, की ती कळवळलीच. एरवी तिने धपाटा घातला असता. त्या दिवशी मात्र ती हसत ओरडली, "आत्या, लवकर ये! बघ, किती जोरात ओढतोय!"