गाडी लावायची राहिली

“चारच टक्के?” किशोर स्टिअरिंगमागच्या पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं दारात उभ्या असलेल्या आपल्या वहिनीकडे, ललिताकडे, मान वळवली. “वहिनी, दुपारपासून गाडी चार्जिंगला लावलेली होती ना?”

मागच्या सीटवर त्याची बायको वेदिका दोन्ही हातांनी पोट धरून कण्हत होती, तिच्या शेजारी त्याची म्हातारी आई, अक्काबाई, देवाचं नाव घेत होती, आणि ललिता... तिच्या हातातली बाळंतपणाची पिशवी एकदम जड झाली. अंगणातल्या भिंतीवरचं चार्जरचं बटण बंद होतं. ते कुणी बंद केलं, हे तिला बघताक्षणी कळलं. कळलं, आणि तिनं ते तिथंच गिळून टाकलं.

“राहिलं माझ्याकडून,” ती म्हणाली.

किशोरचा चेहरा असा झाला, की त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं घर. किशोर पेठच्या शाळेत मास्तर. रोज घाटातून जायचं, यायचं. पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं ही विजेवरची गाडी घेतली. ती दारात आली की चार्जिंगला लावायची, सकाळी वायर गुंडाळून ठेवायची, हे काम ललिताला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरातली सगळीच न सांगितलेली कामं तिच्याकडे यायची, तसं हेही आलं. आज शनिवार, अर्धी शाळा. गाडी दुपारीच रिकामी होऊन आली होती आणि ललितानं ती जेवायच्या आधी लावलीही होती. मग आभाळ गडगडलं.

या घरात आभाळ गडगडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ललिताचा नवरा नाथा भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत शेतावर वीज पडून गेला. आभाळ भरलेलं दिसत असताना ‘बैल सोडून आण’ म्हणून त्याला पाठवलं होतं ते अक्काबाईनं. त्या दिवसापासून ढग वाजला की म्हातारी घरभर फिरून एकेक बटण बंद करत सुटे. टीव्ही, फ्रीज, पाण्याची मोटर आणि आता गाडी! घरात वीज चालू असली की वरची वीज घर शोधत येते, असं तिच्या मनानं घेतलं होतं ते घेतलंच. गडगडाट थांबला की आपण काय केलं ते पुन्हा ढग वाजेपर्यंत ती विसरूनही जाई, आणि ललिता मुकाट्यानं मागे फिरून सगळं पुन्हा चालू करी. किशोरला याचा पत्ताच नव्हता. आज मात्र दुपारी वेदिकाची कंबर धरली, ललिता तेल कोमट करून तिला चोळत बसली, आणि मागे फिरायचं राहून गेलं.

आता हे सांगायचं कुणाला? अक्काबाईला? जिनं एका लेकराच्या मरणाचा दोष इतकी वर्षं छातीशी धरून ठेवला होता, तिच्या पदरात दुसऱ्याचा दोष टाकायचा? वेदिकाची कूस आधी दोनदा रिकामी झाली होती. या वेळी काही कमीजास्त झालं आणि ते आपल्या हातानं झालं असं म्हातारीला कळलं, तर ती उभी राहायची नाही. नाही... बोल लागायचाच असेल तर तो आपल्याला लागू दे. आपल्याला काय, सवय आहे.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, शेजारच्या बुधाची पिकअप टोमॅटो घेऊन मार्केटला गेलेली. पेठ रोडवर नाशिकच्या अलीकडे एका पंपावर चार्जिंगचं मशीन होतं, तिथवर पोचलो तर पोचलो. किशोरनं एसी बंद केला, काचा उघडल्या आणि गाडी हळूहळू काढली. मागून ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन. वेदिकाला कळ आली की किशोरचा पाय नकळत दाबला जाई आणि आकडा खाली येईल म्हणून तो लगेच सैल सोडी.

“डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? कळा सुरू झाल्या की एक मिनिट घालवू नका,” तो समोर बघतच बोलला. “एक काम होतं, वहिनी. एक बटण.”

ललिता शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

पंपावर पोचले तेव्हा पडद्यावर एक टक्का उरला होता. किशोरनं धावत जाऊन मशीनची जाडजूड वायर ओढली, तिच्या टोकाची गन गाडीत खुपसली आणि मोबाईलवर काहीबाही दाबलं. मशीन घरघरलं. आता थांबण्यावाचून इलाज नव्हता. दवाखान्यापर्यंत पुरेल एवढं तरी गाडीत यायला हवं होतं. हाताला काम नसलं की माणसाची जीभ सुटते. किशोरची सुटली, आणि सुटली ती नको तिथं गेली.

“मला खरं सांगा,” गाडीमागे उभ्या असलेल्या ललितासमोर येऊन तो दबक्या आवाजात म्हणाला. “विसरलात, की लावावीशीच वाटली नाही? तुमची ओटी रिकामी राहिली, म्हणून...”

पुढचं बोलायची गरजच नव्हती.

नाथा गेला तेव्हा हा पोर नववीत होता. माहेरचे न्यायला आले तेव्हा हाच ललिताचा पदर धरून रडला होता, आणि ती राहिली. द्राक्षबागांत मजुरी करून तिनं याला मास्तर केला. पोटचा नव्हता, एवढंच काय ते! तिचे डोळे भरून आले, शब्द अगदी दातांपर्यंत आले... ‘बटण तुझ्या आईनं बंद केलं रे’... आणि तिनं ते पुन्हा आत ढकलले.

“माझं चुकलं, भाऊजी,” ती म्हणाली. “नंतर काय बोलायचं ते बोला. आधी पोरीकडे बघा.”

“ताईंना काही बोलू नका हो,” आतून वेदिका कळवळून म्हणाली.

तेवढ्यात रामशेजच्या अंगानं आभाळ लखलखलं आणि लांबवर ढग वाजला. गाडीचं दार उघडलं. अक्काबाई उतरली, कुणाकडेही न बघता तरातरा मशीनपाशी गेली आणि समोरचं लाल बटण तिनं तळहातानं दाबलं.

मशीन गप्प झालं.

“आई! काय केलंस हे?”

“वीज चमकाया लागली ना,” अक्काबाई त्याच्याकडे नवलानं बघत म्हणाली. “अन् हे चालू ठेवतो? पोर गाडीत हाय. दुपारी बी तसंच, वायर लावून सगळी घरात बसल्याली. मीच बंद केलं म्हून बरं.”

किशोर आईकडे बघत राहिला. मग त्यानं ललिताकडे पाहिलं. ललितानं मान खाली घातली होती, एखादी चोरी पकडली गेल्यासारखी.

अक्काबाई दोघांकडे आळीपाळीनं बघू लागली. तिचा हात मशीनवरच होता. “का रं? माझ्यामुळं गाडी भरली नाय का? माझ्या हातानं...”

“नाही आत्या,” ललितानं पुढे होऊन सासूचा तो हात आपल्या हातात घेतला. “तुम्ही बंद केलंत ते बरोबरच केलंत. नंतर चालू करायचं काम माझं होतं. ते मी विसरले. हो ना, भाऊजी?”

ती त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती. खरं म्हणजे त्या वेळी किशोरला तिथंच तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण ते केलं असतं तर आईला सगळं कळलं असतं.

“हो आई,” तो कसाबसा म्हणाला. “वहिनीच विसरल्या.”

गाडीत सात टक्के आले होते, दवाखान्यापर्यंत पुरतील एवढे. त्यानं गन काढली आणि सगळ्यांना आत बसवलं. उरलेल्या वाटेवर त्याचा डावा हात दोनदा शेजारच्या सीटकडे गेला आणि तसाच मागे आला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच वेदिकाला स्ट्रेचरवर घेतलं. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर चालला नसता. मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरहून वेदिकाची आई, पुतळाबाई, आली. खोलीत पाऊल टाकलं तोच अक्काबाईनं तिला पुढ्यात बसवून हकीकत सुरू केली. “काय सांगू विहीणबाई, या आमच्या ललितानं गाडीच लावली नाय. पोर रस्त्यातच व्हायची बघा.” पुतळाबाईनं ललिताकडे तिरपी नजर टाकली आणि तोंड फिरवलं.

किशोर ताडकन उठला. ललितानं त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली... नको.

तो पाळण्यापाशी गेला, लेक उचलली, पुतळाबाईच्या पुढे आलेल्या हातांवरून ती पलीकडे नेली आणि खाली चटईवर बसलेल्या ललिताच्या मांडीवर ठेवली. स्वतःही तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

“वहिनी, असं किती दिवस ऐकून घेणार?” तो पुटपुटला.

“आत्या म्हणतील तितके दिवस,” ललिता हळूच म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे ना? मग पुरे झालं.”

किशोरनं तोंड ओंजळीत लपवलं. त्याचे खांदे हलत होते.

“नीट धर गं, मान सांभाळ,” अक्काबाई पलंगाशेजारून ओरडली. “विसरभोळी मेली. पोरीला तरी कुठं विसरू नको.”

“नाही विसरणार, आत्या,” ललिता म्हणाली आणि तिनं बाळाच्या मानेखाली हात घातला.