चौथा माणूस

मी शाळेत गणित शिकवते. आईच्या कौलांवर माझा काडीचा विश्वास नाही. लाकडाचे दोन तुकडे, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. सपाट बाजू खाली गेली की पालथा, फुगीर खाली गेली की उताणा. एक उताणा, एक पालथा पडला की हो. दोन्ही पालथे की नाही. आख्खी गल्ली आपल्या मेलेल्यांना असंच विचारते.

जपानी हरले, इंग्रज सिंगापुरात परतले आणि खटले सुरू झाले. काल तुरुंगाच्या अंगणात कैद्यांची रांग उभी केली होती. माझ्या धाकट्या भावाला, किम हुआतला, ट्रकमध्ये कोंबून समुद्रावर मारायला नेणारा शिपाई म्हणून मी चौथ्याच्या खांद्याला हात लावला. तोच होता. बहुतेक.

उद्या कोर्टात ‘बहुतेक’ चालणार नव्हतं. माझ्या एका शब्दावर माणूस फासावर जाणार होता.

“तिथे होता ना मेला? मग झालं,” आई मुळा चिरत म्हणाली.

“आई, तिथे शंभर जण होते.”

“मग शंभरांना लटकवा.”

हात पुसून तिने किम हुआतच्या फोटोपुढे भाताचा वाडगा ठेवला, उदबत्ती लावली आणि कौल उचलले.

“आधी तोच का, ते विचार,” मी म्हटलं.

“ते तू काल ठरवलंस की. आता शिक्षेचं विचारू.”

खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं.

“फाशी देऊ, बाळा?” दोन्ही पालथे.

“जन्मभर तुरुंग?” नाही.

“सोडून देऊ?” नाही.

आई वैतागली. “मग काय, तुझ्याकडे पाठवू?”

एक उताणा, एक पालथा. तिने पुन्हा टाकले. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो, म्हणजे कौल पक्का.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेले, तर तिथला दुभाष्या दारातच भेटला. “ताई, घरी जा. चौथा पहाटे कोठडीत मेला.” मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “कोठडी कोरडी ठणठणीत. नाकातोंडात मात्र खारं पाणी.”

शपथ घ्यावी लागली नाही म्हणून मला हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. घरी येईपर्यंत त्याचा खांदा हाताला जाणवत होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा कौल हातात घेतले. “किम हुआत, तोच होता ना रे?”

दोन्ही पालथे.

पुन्हा टाकले. पालथे.

पुन्हा. पालथेच.

मला रडू कोसळलं. आई रडली नाही. तिने कौल गोळा केले, फोटोकडे पाहिलं आणि जेवायला वाढू का विचारावं तशा आवाजात म्हणाली, “मग पाचव्याला पाठवू?” आणि कौल टाकले.

“आई, नको.” मी झडप घातली आणि एक कौल वरच्यावर झेलला. दुसरा जमिनीवर पालथा पडला.

मूठ गच्च मिटली होती. सपाट बाजू तळव्याला टेकली होती. पालथाच. मी श्वास सोडला.

मूठ मी उघडली नाही. तरी हळूहळू तळव्याला फुगीर बाजू लागायला लागली.