पितळी नटाची पाव फेरी

पाव

सुकन्या आली ती नवऱ्याचा पाना पदरात गुंडाळून. तो तिनं टेबलावर ठेवला.

"दुकानाला पोलिसांनी कुलूप लावलंय. हा एवढा घरी राहिला. ते म्हणतात, हापण विकून टाक."

नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर दानेश्वरीबाईंचं ऑफिस होतं. खासगी तपासाचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. शेजारी वही उघडून बसलेले सयाजीराव निवृत्त हवालदार. लिहून घेण्यात पक्के, जोडण्यात कच्चे.

"तुमचे सिद्धनाथ म्हणजे गॅसचे फिटर," बाई म्हणाल्या. "मोहोळला घरगाडी पेटली, तिचा गॅस त्यांनी बसवला होता."

"व्हय. चनमल्लप्पा काकांची गाडी."

हकिगत थोडकी होती. चनमल्लप्पा चादरींचे व्यापारी. दुकान आवरल्यावर त्यांनी एका जुन्या टेम्पोची घरगाडी केली. आत झोपायला फळी, ओटा, शेगडी; मागे बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात गॅसची टाकी. पंधरा दिवसांपूर्वी ते पहिल्याच प्रवासाला निघाले, मित्र रामहरीला बरोबर घेऊन, त्याच्या केम गावाला. मोहोळला एका ढाब्यामागं मुक्काम केला. सकाळी चहासाठी लायटर ओढला आणि गाडीत भडका उडाला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

"टाकीचा नट सैल सापडला," सुकन्या म्हणाली. "उद्या हे ठाण्यात जाऊन सही करणारेत, की आवळायचा राहिला, चूक माझी. जेवत नाहीत. नुसते हाताकडं बघत बसतात."

"आवळल्याचं आठवत नाही त्यांना?"

"आठवतंय की. पण दोरा तुटला नाही ना, बाई!"

सिद्धनाथची एक रीत होती. नट आवळला की त्यावरून आणि नळीवरून लाल सुती दोरा ताणून बांधायचा. नंतर कुणी नट हलवला तर दोरा तुटणार. गिऱ्हाइकाला तो बजावायचा, दोरा शाबूत तोवर जबाबदारी माझी.

"नट सैल, आणि दोरा शाबूत," सयाजीराव पुटपुटले. "म्हणजे कुणी हात लावलाच नाही. पहिल्यापासूनच सैल."

सुकन्यानं मान खाली घातली. त्याच वाक्यानं तिच्या घरात बारा दिवस चूल नीट पेटली नव्हती.

अर्धा

(सयाजीरावांची वही. जशीच्या तशी.)

मोहोळ ठाण्याचं आवार, गाडीची पाहणी. आतून काळी ठिक्कर. मागचा कप्पा लाकडी भिंतीमुळं वाचला. टाकीखाली घडी घातलेलं पोतं. बाईंनी उचललं. खाली चार भोकं. मी विचारलं, भोकं कशाला? बाई म्हणाल्या, गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खालून बाहेर पडावा म्हणून. भोकं बंद झाली तर नळीच्या फटीतून आत जाणार.

नट पितळी. सगळ्या कोपऱ्यांवर बारीक खाचा. जुना, झिजलेला असावा.

दोरा शाबूत. लाल. मधे बोटाच्या पेराएवढा हिरवा, तो पितळेचा कळंक असणार. बाईंनी भिंगातून फार वेळ पाहिला.

शांतम्मा, मयताची बायको. घरी भेटल्या. "टाकी खडखडते, झोप लागायची नाही म्हणून त्यांनीच पोतं घातलं. मी डोळ्यांनी बघितलं. त्यांना सर्दी होती हो. नाकाला वेखंड लावून पाठवलं. फुलाचा वास येत नव्हता, गॅसचा कुठला येतोय?" रडल्या नाहीत. घाव खोल आहे.

महेश्वर, पुतण्या. मोबाईल दुरुस्तीचं दुकान. काकांनी दुकान त्याला न देता मोडलं म्हणून राग. त्या संध्याकाळी मोहोळला जाऊन आला. कशाला? "लायटर विसरले होते, तो द्यायला. गॅसला मी हात लावत नाही, घाबरतो. घरी इंडक्शन आहे, विचारा काकीला." लायटर यानंच दिला! अधोरेखित करतो.

सिद्धनाथ. "गॅसचं काम वेगळं असतंय, कुणी पाना लावू नका म्हणून मी सांगितलं होतं. गॅस बसवला त्या दिवशी रामहरीमामा आले नव्हते, बाकी सगळ्यांना सांगितलं. आता कुणाला काय बोलू? दोराच माझ्या विरुद्ध हाय."

रामहरी. केमचा. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर. ऑफिसात बोलावलं. अंगावर हिरव्या दशांची चादर, एके जागी दशा तुटलेली. गरीब माणूस.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच की. मोहोळला पोचलो, चाकाचं समदं नट आवळलं. मागाची सवय हाय बाई. पाना फिरवल्याबिगर कदी माग सुरू केला न्हाय."

"रात्री कुठं झोपलात?"

"ढाब्याच्या खाटंवर. आत लई उकडतंय म्हणलं मी. सकाळी आप्पा म्हणलं, थांब रामा, च्या टाकतो. मी पाणी आणाया गेलो…"

बोलताना खुर्चीवरच्या चादरीशी बोटं चाळवत होता. घाबरलेला. पण दुःखी जास्त.

माझं मत: महेश्वर.

पाऊण

(वहीतलं हे पान कोरं आहे. रामहरी उठून गेल्यावर बाई त्याच्या खुर्चीपाशी वाकल्या आणि सयाजीरावांना म्हणाल्या, "काही लिहू नका. आता फक्त बघा.")

पूर्ण

सकाळी दहा वाजता सगळे घरगाडीजवळ उभे होते. इन्स्पेक्टरच्या हातात सिद्धनाथचा जबाब, सही तेवढी बाकी. सिद्धनाथनं पेन घेतलंही होतं.

"पाच मिनिटं," दानेश्वरीबाई म्हणाल्या. त्यांनी सुकन्यानं आणलेला पाना सयाजीरावांच्या हातात दिला. दोऱ्याचे फोटो काढून पोलिसांनी तो जपून उतरवून ठेवला होता. "हा नट घट्ट करा."

सयाजीरावांनी पाना लावून उजवीकडे फिरवला. सैल म्हटला तरी आधी थोडा जड लागला, मग सरकला.

"झाला घट्ट."

"बोटानं हलवून बघा."

नट बोटानं गरगर फिरला.

"गॅसच्या जोडाचे आटे उलटे असतात," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यांवरच्या खाचा झिजेच्या नाहीत, त्या उलट आट्याची खूण आहेत. फिटरला हे ठाऊक. बाकी जगातला जवळजवळ प्रत्येक नट उजवीकडे आवळला जातो. तेव्हा ज्यानं हा सैल केला, त्याला तो घट्ट करायचा होता. पाव फेरी, तेवढीच."

"पण दोरा?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"दोरा तुटला होता."

बाईंनी पाकिटातून दोरा काढून तळहातावर धरला. "मधला हिरवा तुकडा कळंक नाही, सूत आहे. त्याच्या दोन्ही टोकांना मोहरीएवढ्या गाठी. सिद्धनाथ, तुमची गाठ कोणती?"

"ही मोठी." त्यानं बोट ठेवलं. "ह्या बारक्या माझ्या न्हाईत. अशी गाठ मला येतच न्हाई."

"ती मागावर बसलेल्या माणसाला येते. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, सूत जोडायचं, माग सुरू. तीस वर्षं. मग डोक्याला विचारावं लागत नाही, तुटलेलं दिसलं की बोटं जोडतात." त्यांनी पिशवीतून ऑफिसच्या खुर्चीवरची चादर काढली. "हिचा काठ महिनाभर उसवलेला होता. काल जोडला गेला. तशीच गाठ आहे. सयाजीराव, तुम्ही लिहिलंत, घाबरून बोटं चाळवत होता. ती बोटं काम करत होती."

कुणीच रामहरीकडे पाहिलं नाही. त्याच्या खांद्यावरच्या चादरीत, हिरव्या दशांच्या रांगेत, एक जागा रिकामी होती.

"चाकांबरोबर हाही आवळलात," बाई हळू म्हणाल्या. "दोरा तुटला. राहिलेला पुरेना, म्हणून दशा ओढून जोड दिलात. लपवायला नाही. लपवायचं असतं तर हिरवं सूत लावलं नसतंत. पोतं त्यांनी स्वतः घातलं होतं, त्यांना वास येत नव्हता. या तीन गोष्टींतली एक नसती, तर ते आज केमला असते."

रामहरी खाली बसला. "मला ठावं न्हवतं," तो म्हणाला. "देवाशप्पत ठावं न्हवतं. सायेबांनी नट सैल म्हणलं, तवा मला कळलं."

"बारा दिवस झाले, मामा," सुकन्या म्हणाली. "बारा दिवस माझा माणूस जेवला नाही."

"आप्पांनी शप्पत घातली, पोरी. दवाखान्यात त्यांच्या कानात समदं सांगितलं. ते म्हणलं, रामा, कुणाला बोलू नगंस. कुणाची चूक न्हाय ही."

शांतम्मा पुढं आल्या. रामहरीची मान आणखी खाली गेली. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"रामहरी अण्णा, ते असं म्हणाले तेव्हा या सिद्धनाथचं दुकान बंद केलं होतं का?"

"न्हाय. ते गेल्यावर केलं."

"म्हणजे त्यांना माहीत नव्हतं."

"न्हवतं."

"मग ती शपथ तिथंच संपली," शांतम्मा म्हणाल्या. "त्यांना कळलं असतं तर त्यांनीच तुम्हाला हाताला धरून इथं आणलं असतं. उठा."

रामहरी उठला. इन्स्पेक्टरनं सिद्धनाथच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कोरा कागद रामहरीपुढं केला. सिद्धनाथ रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. मग सुकन्यानं सयाजीरावांकडचा पाना घेऊन त्या हातात ठेवला, आणि त्यानं बोटं मिटली.

जबाब लिहून व्हायला तासभर लागला. सही करताना रामहरीची चादर खांद्यावरून टेबलाच्या कोपऱ्याला अडकली आणि आणखी एक दशा तटकन तुटली. त्याचा हात आपसूक तिकडं गेला.

अर्ध्यावर थांबला. तुटलेलं सूत त्यानं तसंच लोंबू दिलं.